‘एकत्र नांदतात’ की ‘शेजारी टिकतात’?

प्रश्न असा आहे: अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) आणि लोहचुंबकीय (लोखंडासारख्या चुंबक होणाऱ्या) धातूंचे पातळ थर एकावर एक चढवले की दोन्ही गुण ‘एकत्र नांदतात’, हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

व्याकरणाला धरून आहे, पण मी तो वापरणार नाही. नांदणं म्हटलं की गुण्यागोविंदानं राहणं मनात येतं. इथे तर उभं वैर आहे. नेहमीच्या अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं वावरतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकत्वाची दिशा) परस्परांच्या उलट असतात. लोहचुंबक सगळे स्पिन एकाच दिशेला वळवू पाहतो, म्हणजे जोडीच फोडतो.

थरांमध्ये दोन्ही गुण टिकतात ते जागा वेगळ्या असल्यामुळे. निओबियम ९.२ केल्विनखाली, म्हणजे सुमारे उणे २६४ अंश सेल्सिअसखाली, अतिसंवाहक होतं (थर फार पातळ असेल तर आणखी थंड करावं लागतं). त्याला लागून असलेला कोबाल्टचा थर चुंबकीयच राहतो. खरी गंमत सीमेवर आहे. निओबियममधल्या जोड्या कोबाल्टमध्ये शिरतात, पण एखाददोन नॅनोमीटरमध्येच विरतात. चुंबकीय नसलेल्या तांब्यात त्याच जोड्या शेकडो नॅनोमीटर जाऊ शकतात. शिवाय चुंबकात विरता विरता जोडीच्या तरंगाचं चिन्ह धन-ऋण असं पालटत राहतं. त्यामुळे चुंबकीय थर जाड करत नेला तर काही नमुन्यांत अतिसंवाहकतेचं तापमान आधी उतरतं आणि मग पुन्हा थोडं चढतं! निओबियमच्या दोन थरांमध्ये तांबं-निकेलचा चुंबकीय मिश्रधातू घालून हा चिन्हपालट २००१ साली प्रयोगात दाखवला गेला. या सगळ्याला ‘सान्निध्य परिणाम’ म्हणतात, आणि ‘सान्निध्य’ हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

‘सहअस्तित्व’ मी राखून ठेवीन तो युरेनियम-जर्मेनियमच्या संयुगासाठी. २००० साली त्यात, मोठ्या दाबाखाली आणि १ केल्विनच्याही खाली, लोहचुंबकत्व शाबूत असतानाच अतिसंवाहकता सापडली. तिथे थर नाहीत, सीमा नाही; दोन्ही गुण त्याच इलेक्ट्रॉनांचे. तिथल्या जोडीतले स्पिन समांतर असतात असं मानतात, म्हणून चुंबकत्व तिला फोडत नाही. या संयुगाबद्दल कुणी ‘नांदतात’ लिहिलं तर माझी हरकत नाही.

‘अतिवाहकता’ की ‘अतिसंवाहकता’, यात अर्थाचा फरक नाही. एका लेखात एकच ठेवावा, इतकंच.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘पातळ थरांच्या रचनेत अतिसंवाहकता आणि लोहचुंबकत्व शेजारी-शेजारी टिकतात आणि सीमेवर एकमेकांवर परिणाम करतात.’