लेकीचं स्टूल आणि येणारा पावसाळा

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं :

"आमची मुलगी बारावी कॉमर्सला आहे. दिवाळीच्या सुटीत सावंतवाडीला माझ्या बहिणीकडे राहून तिने दहा दिवसांची लाकूडकामाची कार्यशाळा केली. येताना फणसाच्या लाकडाचं लहानसं स्टूल घेऊन आली. लाकूड कापून, रंधून आधीच ठेवलेलं होतं, मुलांनी खाचा मारल्या, जोडलं आणि पॉलिश केलं. तेव्हापासून ती म्हणते, बारावीनंतर मला हेच शिकायचं आहे. आमची कलमांची बाग आहे, खाऊनपिऊन बरं चाललंय. तिचे बाबा एवढंच म्हणाले, 'सुताराक पैशे देवन कामा करून घेतली, आता आमच्या चेडवान रंधो मारूचो?' त्या दिवसापासून बापलेकीत बोलणं नाही. मला दोघांचंही पटतं. तिला कॉलेजला घालावं की हे शिकू द्यावं? शिकवणार कोण? आणि मुलीला या कामात कोण उभं करील?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : लाकूड कापून, रंधून आधीच ठेवलेलं होतं. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

स्टूल करायचं म्हणजे आधी लाकूड निवडायचं. ते पुरतं सुकलंय का, रेषा कुठून कुठे जाते, गाठ कुठे आहे, हे बघायचं. मग करवत. मग रंधा. एक बाजू सपाट करायची, तिला काटकोनात दुसरी, आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरून बघायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. चारही पाय असे सारखे झाले, की मग आखणी, मग पटाशी (छिन्नी) आणि मोगरी (लाकडी हातोडा) घेऊन खाच, मग त्या खाचेत बसेल असं कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं बारीक केलेलं टोक. तुमच्या लेकीने केलं ते यातलं शेवटचं. सगळ्यात आनंदाचं कामही तेच असतं, कारण हातात वस्तू दिसायला लागते.

कार्यशाळा वाईट होती, असा याचा अर्थ काढू नका. दहा दिवसांत दुसरं काही शक्य नसतं. रंध्यापासून सुरुवात केली असती तर दहाव्या दिवशी मुलांच्या हाती जेमतेम एक सरळ फळी आली असती. लाकडाची ओढ लावणं हे अशा कार्यशाळेचं काम, आणि ते तिने नीट केलं आहे. पण लेकीला आवडलंय ते तयार स्टूल की ते तयार होताना लागणारे तास, हे अजून तिलाही माहीत नाही. ते कळेपर्यंत तुम्ही "हो" म्हणू नका आणि तिच्या बाबांनी "नाही" म्हणू नये. परीक्षा महिन्याभरावर आहे, ती तिने मन लावून द्यावी. त्यानंतरचं सांगतो.

त्या स्टुलाकडे मात्र आतापासूनच लक्ष ठेवा. मृग लागला की ते पडवीत, वाऱ्यापावसाच्या दमटपणात ठेवायचं आणि थेट दसऱ्यापर्यंत तिथेच राहू द्यायचं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंदीत पडतो, आणि झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने तो गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. श्रावणात तुमच्या माजघराचं दार अडतं आणि थंडीत सुटतं, ते याचमुळे. जुने सुतार दाराच्या चौकटीतली फळी सरसाने चिकटवत नसत, तिला खाचेत हलायला जागा ठेवत. कोकणात लाकूडकाम शिकायचं म्हणजे निम्मं हे शिकायचं. पावसाळ्यात फुगलेलं स्टूल दिवाळीपर्यंत आटेल, आणि तेव्हा कुठला तरी सांधा डुगडुगेल. डुगडुगला तर लेक काय करते ते बघा. खिळा मारून मोकळी झाली, तर तिला हौस आहे. सांधा उकलून कुसू कुठे कमी पडलं ते शोधत बसली, तर मात्र तिच्या बाबांना तिथे बोलावून ते दाखवा.

आता परीक्षेनंतरचं. मार्चपासून सहा महिने तिला चालत्या सुतारशाळेत जाऊ द्या. तुमच्या पंचक्रोशीत दारं-खिडक्या, देव्हारे, पाट, पलंग करणारा, स्वतःचा कामाचा कट्टा असलेला एखादा जुना सुतार नक्की असेल. साइटवर फिरून प्लायवूड ठोकणारा नको. तोही कष्टाचंच काम करतो, पण तुमच्या लेकीला हवं ते त्याच्याकडे नाही. रोज अर्धा दिवस पुरे. पगार मागू नये, उलट शिकवण्याचं काही द्यायचं का ते मोकळेपणाने विचारावं. पहिला महिना ती भुसा झाडील, फळ्या उचलील आणि धार लावील. धार लावणं हीच माझ्या मते या धंद्यातली खरी चाळणी आहे. पटाशीचं पातं दगडावर एकाच कोनात धरून पाऊण तास घासायचं, मनगटावरचे केस तासले जातात का बघायचं, नाही तर पुन्हा घासायचं. कंटाळवाणं आहे. ज्या मुलांना पुढे यात रमलेलं मी पाहिलं, त्यांना त्या घासण्याचाही लळा लागलेला होता. महिनाभर हे करूनही ती सकाळी स्वतःहून उठून गेली, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी लाकडाचं वेड असलेल्या एका मुलाला मी प्रमाणपत्र मिळतं म्हणून एका अभ्यासक्रमाला घातलं. तिथे कित्येक महिने लाकूडच आलं नाही. वहीत हत्यारांची चित्रं काढून त्याचं वर्ष गेलं आणि उमेदही गेली. मी ती जागा आधी जाऊन बघायला हवी होती. तेव्हापासून सांगतो : कुठलीही कार्यशाळा असो की संस्था, कामाच्या दिवशी, न कळवता जाऊन या. एका कट्ट्यावर किती मुलं उभी आहेत? हत्यारांना धार कोण लावतं, मुलं की मदतनीस? जमिनीवर भुसा आणि छिलके आहेत की लख्ख फरशी? मुलांनी बिघडवलेले सांधे कुठे ठेवलेत? चांगला शिकवणारा ते फेकत नाही, समोर ठेवून त्यावर बोलतो.

तिच्या बाबांच्या वाक्याकडे येतो. त्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात.

एक म्हणजे जात. आपल्या गावगाड्यात सुतार बलुतेदार होता, वर्षाकाठी धान्य घेऊन अख्ख्या गावाचे नांगर, दारं, पालख्या करायचा आणि अंगणात उभा राहायचा. आज आपण तसं बोलत नाही, पण पोरीने रंधा हातात घेतला की ते आत कुठेतरी टोचतं. हे झाकून ठेवून उपयोग नाही. तुमच्या गावातल्या देवळाच्या सभामंडपाचे कोरीव लाकडी खांब ज्यांनी केले, त्यांच्या हाताला जे येत होतं ते शिकायची लेकीला इच्छा आहे. त्यात कमीपणा कसला? तुमच्याच जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यात पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बाबांशी हे तुम्ही बोला, लेकीने नको. तिच्या तोंडून ते उलट उत्तर वाटेल.

दुसरी गोष्ट पोटाची, आणि तिथे बाबांचं म्हणणं मला शंभर टक्के समजतं. तुमच्याच बागेतला आंबा पूर्वी लाकडी पेटीतून मुंबईला जायचा. पुठ्ठ्याचे खोके आले आणि पेट्या ठोकणाऱ्यांचा हंगाम गेला. फायबरच्या होड्या आल्यावर लाकडी होड्या बांधणाऱ्यांचंही तसंच झालं. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून लाकूडकामातली कुठली शाखा, हा प्रश्न लेकीने लवकर सोडवायला हवा.

सावंतवाडी म्हटलं की लोकांना चितारआळीतली खेळणी आणि लाकडी फळं आठवतात. ती बरीचशी पांगाऱ्यासारख्या मऊ, हलक्या लाकडातली आणि रंगकामावर उभी. लेथवर लाकूड फिरवून करतात ते कातीव काम, ते वेगळं. कोरीवकाम आणखी वेगळं. सांध्याचं काम, म्हणजे स्टूल, पलंग, दारं, हे चौथं. तिला जर सांधे आवडले असतील, तर जुन्या कौलारू घरांची डागडुजी, पर्यटकांसाठी घरं चालवणाऱ्यांचं फर्निचर, देवळांचे जीर्णोद्धार यांत मला काम दिसतं. किती पैसे सुटतील, हे मी इथे बसून सांगणं बरोबर नाही. तिलाच सांगा : तीन सुतारांकडे जाऊन आजची मजुरी, वर्षातले कामाचे दिवस आणि पावसाळ्यात किती दिवस हात रिकामे राहतात हे विचारून वहीत लिही. कॉमर्सची मुलगी आहे, गणित तीच मांडील. बाबांसमोर ठेवायला त्याहून चांगला कागद नाही.

शिक्षणाची रीतसर वाट अशी. आयटीआयमधला सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. पात्रता आठवी पासची आहे, त्यामुळे बारावीनंतर सहज घेता येईल. तुमच्या जवळच्या कोणत्या आयटीआयमध्ये तो चालतो, हे प्रवेशाच्या संकेतस्थळावर बघा आणि वर सांगितलं तसं जाऊन या. डिझाइनकडे जायचं असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) फर्निचरचा अभ्यासक्रम आहे आणि बारावीच्या कुठल्याही शाखेतून प्रवेश परीक्षा देता येते. जयपूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन हीसुद्धा चांगली जागा आहे. दोन्हीकडे खर्च लाखांत जातो. सहा महिने कट्ट्यावर काढल्याशिवाय तो करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत यंत्रांवरच्या लाकूडकामाचं प्रशिक्षण मिळतं, पण ते पुढचं पाऊल.

सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. चालू ठेवा. हा बाबांना गप्प करायचा तोडगा समजू नका. लाकूड घनफुटात विकत घेऊन, वाया जाणारं धरून, गिऱ्हाइकाला आधी भाव सांगणं भल्याभल्या कारागिरांना जमत नाही, आणि त्यातच ते बुडतात.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. पण ती वयाची 18 वर्षं पूर्ण झालेल्या, आधीच हा धंदा स्वतः करणाऱ्यांसाठी आहे. आज लेक तिथे बसत नाही. खोटं लिहून बसवू नका.

मुलीला कोण उभं करील, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अवघड जाईल. पहिला सुतार "बाय, ह्या तुझा काम न्हय" म्हणेल, कदाचित दुसराही. सुताराचं घर आणि कट्टा एकाच आवारात असेल अशी जागा शोधा. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः जा, त्याच्या बायकोशी बोला, चहा घ्या. बरोबर दुसरी एखादी मुलगी असेल तर फारच बरं. ताकदीचा प्रश्न लोक काढतात तेवढा मोठा नाही. धार असली की रंधा वजनाने चालतो, आणि जड ओंडका पुरुषही दोघं मिळूनच उचलतात. यंत्राची भीती मात्र खरी आहे. फिरत्या करवतीपाशी ओढणी नाही, मोकळे केस नाहीत, बांगड्या नाहीत. हातमोजेही नाहीत, पात्यात मोजा अडकला तर हात ओढला जातो. डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. पहिले सहा महिने तिने यंत्राला हात लावू नये, फक्त हातहत्यारं.

आणि एक काम बाबांसाठी. बागेत एखादं वठलेलं, फळ न धरणारं आंब्याचं झाड असेल. स्वतःच्या जागेतलं असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, फणसही आहे. म्हणून आधी वन विभागाकडे अर्ज करून परवानगी घ्यायची. तो अर्ज त्यांनी लेकीला बरोबर घेऊन करावा. झाड पाडलं की लगेच चिरून घ्यावं, आंब्याच्या ओल्या ओंडक्याला भुंगा फार लवकर लागतो. फळ्या पडवीच्या कोरड्या बाजूला, जमिनीपासून उचलून, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचायच्या, टोकांना रंग फासायचा म्हणजे ती तडकत नाहीत. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष धरा. या उन्हाळ्यात रचल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या स्टुलाचं लाकूड घरचंच असेल, आणि ते कापायचं, रंधायचं कामही लेकीलाच करावं लागेल.