जांभळाची फांदी मोडली, आता पोराला झाडावर चढू द्यायचं की नाही?

पत्र: ताई, आम्ही वाकडला राहतो, दोघंही आयटीत. मुलगा नऊ वर्षांचा. मे महिन्यात त्याला वाईजवळच्या गावी सासऱ्यांकडे ठेवलं होतं. अण्णांनी त्याला जांभळावर चढू दिलं, फांदी मोडली, डावं मनगट फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लॅस्टर. मी गावी जाऊन सगळ्यांसमोर अण्णांना बोलले की तुमचं वय झालंय, तुम्हाला पोर सांभाळता येत नाही. तेव्हापासून त्यांचा एकही फोन नाही. आता मी त्याला सोसायटीतही एकटा खाली पाठवत नाही, गाड्या असतात, मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज येतात. जीपीएसवालं घड्याळ घेतलंय. दिवसभर टॅब. मागच्या महिन्यात चष्माही लागला. नवरा म्हणतो आम्ही पण पडलो, झालं का काही? पोराने दिवाळीला गावी जायचा हट्ट धरलाय, मी नाही म्हटलंय. माझं चुकतंय का?
— एक आई

प्रिय मैत्रिणी,

आधी हाताचं बोलू, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तुझ्या डोळ्यांसमोर अजून ते प्लॅस्टरच आहे. लहान मुलाचं हाड ओल्या काटकीसारखं असतं. वाळकी काटकी कडकन तुटते, ओली एका बाजूने चिरते आणि वाकते, मुलांच्या मनगटाचं पुष्कळदा तसंच होतं आणि ते भरूनही चांगलं येतं. प्लॅस्टर निघालंय ना आता? मग किती दिवस उड्या आणि झाडं नकोत एवढं तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना नीट विचारून घे, आणि ते सांगतील त्या तारखेनंतर तो हात आजारी आहे असं धरून चालू नकोस. पोरालाही मग ते खरं वाटायला लागतं.

आता तुझ्या नवऱ्याचं वाक्य. 'आम्ही पण पडलो, झालं का काही?' हे मला अजिबात पटत नाही गं, आणि माझं बालपण त्याच्यापेक्षा जास्तच उनाड गेलंय. मी कराडची, सत्तरच्या दशकातली. प्रीतिसंगमावर, वाळूत, वडावर, मळ्यात, कुठे नव्हतो आम्ही. पण माझ्या वर्गातला एक मुलगा चौथीत असताना विहिरीत गेला. पाठीला डबा बांधून पोहायचे सगळे, त्याने त्या दिवशी डबा सोडला, बरोबर मोठं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना त्याचं नाव आलं, बाई थांबल्या, आणि मग पुढचं नाव घेतलं. मला ती थांबलेली हजेरी अजून ऐकू येते. 'आमचं काही झालं नाही' हे आपण म्हणू शकतो कारण आपण म्हणायला उरलोय, तो उरला नाही. म्हणून जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन कोणी तुझी भीती उडवून लावत असेल तर मी तुझ्या बाजूने आहे.

आणि तरीही सांगते, दिवाळीला त्याला गावी पाठव.

का ते जरा सविस्तर सांगते. आपल्या वेळी आईवडील फार धीट होते आणि आत्ताचे भित्रे झालेत असं काही नाही, माझी आई तुझ्यापेक्षा भित्री होती, पण तिला माहीत होतं की आम्ही पंधरा जणं एकत्र आहोत, त्यात सातवीतली सुमाताई आहे आणि पहिलीतलं शेंबडं पोरही आहे. ते शेंबडं पोर कच्चा लिंबू असायचं, आठवतंय ना? त्याला खेळायला घ्यायचं, पळू द्यायचं, पण आऊट झालं तरी त्याच्यावर राज्य नाही. म्हणजे लहानाला धोक्याची चव द्यायची पण पूर्ण भार नाही टाकायचा, हे कोणा मोठ्या माणसाने येऊन आम्हाला शिकवलं नव्हतं, पोरांनीच पोरांसाठी केलेली सोय होती ती. सूरपारंब्या खेळताना पायाखालून काठी भिरकावली की राज्यवाला ती आणेपर्यंत सगळे वडावर, आणि कच्च्या लिंबाने कुठल्या फांदीपर्यंत यायचं हे सुमाताई ठरवायची, त्याच्या वर तो गेला की तीच कान धरायची. दोन-तीन वर्षांत तोच पोरगा शेंड्याजवळ, आणि खाली दुसरा कच्चा लिंबू. आपण गमावलंय ते हे गं. झाडं आणि मैदानं गेली ती गेलीच, पण ही लहानमोठ्यांची मिसळलेली टोळी गेली. आता मुलं फक्त आपल्या वर्गातल्या, आपल्या वयाच्या, आपल्या बॅचच्या मुलांना भेटतात, तीही सरांच्या शिट्टीवर.

नॉर्वेमध्ये एलन सँडसेटर नावाच्या संशोधक बाई आहेत, त्यांनी 2007 साली मुलांच्या धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार मांडले: उंचीवर जाणं, वेग, धारदार हत्यारं हाताळणं, पाणी किंवा आगीसारख्या जागांजवळ खेळणं, मारामारीचा खोटा खेळ, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं ह्या बाई आमच्या मळ्यात येऊन गेल्या की काय, कारण सहाच्या सहा आमच्या एका दुपारीत व्हायचे. त्यांचं म्हणणं असं की मूल भीतीला थोडं थोडं करून सामोरं जातं, आणि तसं गेलं की ती भीती त्याच्या आवाक्यात येते. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2024 च्या जानेवारीत डॉक्टरांसाठी निवेदनच काढलं की अशा खेळाला जागा द्या. हाडं जोडणारे, टाके घालणारे डॉक्टर हे सांगतायत, हे लक्षात घे.

पण त्यांनी एक फरक केलाय तो तुझ्या उपयोगाचा आहे. एक असतो दिसणारा धोका, म्हणजे उंची, वेग, निसरडा दगड, जो मुलाला कळतो आणि त्यावर ते आपलं आपण ठरवू शकतं की जाऊ की नको. आणि दुसरा लपलेला, जो मुलाला कळूच शकत नाही. पहिल्यात आपण मागे उभं राहायचं, दुसरा आधी आपण जाऊन काढून टाकायचा किंवा दाखवून द्यायचा. आता तुझं जांभूळ बघ. किती उंच आहे हे तुझ्या पोराला दिसत होतं. फांदी ठिसूळ असते हे दिसत नव्हतं. जांभूळ आणि शेवगा, ह्या दोन झाडांवर जपून, चिंचेची फांदी वाकेल पण सोडणार नाही, हे आमच्याकडे प्रत्येक म्हातारं माणूस सांगायचं. अण्णांना ते नक्की माहीत असणार. त्यांनी त्या दिवशी पोराला सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि जांभळाच्या नादात त्याने ऐकलं नाही. चूक झाली असेल तर तेवढी झाली, चढू दिलं ही चूक नव्हती. आणि त्या एवढ्या चुकीला तू चार लोकांसमोर त्यांचं वय काढलंस. हे मात्र तुझं चुकलं, तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते.

तुझ्या बाकीच्या भीत्याही ह्याच चाळणीतून काढ. गाड्यांची भीती शंभर टक्के खरी. 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांच्या वर माणसं गेली, आमच्या लहानपणी गल्लीतून दिवसाला दोन फटफट्या जायच्या, त्याच्याशी आजची तुलनाच करू नये. म्हणून एका संध्याकाळी पोराला घेऊन सोसायटीभर फीर आणि लपलेले धोके दोघं मिळून शोधा: बेसमेंटचा रॅम्प जिथून गाडी एकदम वर येते, पावसात ओला झालेला विजेचा डबा, बागेतल्या दिव्यांच्या उघड्या वायरी, पाण्याच्या टाकीचं हलणारं झाकण, गच्चीचा कठडा. ह्या जागी तडजोड नाही, झाकण आणि वायरीसाठी कमिटीच्या मागे लाग. पण जे गुडघ्यावर निभावतं, बागेतल्या बुटक्या कट्ट्यावरून उडी, सायकलवरून पडणं, दोन पोरांची झोंबाझोंबी, तिथे गॅलरीतून हाक मारायची नाही. ओठ चाव, पण हाक मारू नकोस.

मुलं पळवणाऱ्यांच्या मेसेजबद्दल मला राग येतो, तुझ्यावर नाही, त्या मेसेजवर. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते ते, त्यांनी कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं, फोनवर फिरणाऱ्या असल्याच अफवेने जीव घेतला त्यांचा. तो मेसेज आला की पुढे पाठवू नकोस आणि पोराला वाचून दाखवू नकोस. आणि लेकराला त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतोच, ओळखीचा असतो, हे पोलिसांकडच्या नोंदी वर्षानुवर्षं सांगतायत. त्यामुळे दार बंद करून त्यावर उपाय होत नाही. कोणी नको तिथे हात लावला, गुपित ठेवायला सांगितलं, तर तो न घाबरता येऊन तुला सांगेल, एवढं नातं हवं, आणि ज्या पोराला आई प्रत्येक खरचटण्यावर ओरडते ते पोर गोष्टी लपवायला शिकतं. घड्याळाचं म्हणशील तर राहू दे हातात, फक्त दर दहा मिनिटांनी तो ठिपका बघत बसू नकोस.

चष्म्याचं तू पत्रात जाता जाता लिहिलंस पण मी तिथे थांबले. मुलांना दिवसाउजेडी बाहेर ठेवलं की जवळचं दिसून लांबचं न दिसण्याचं प्रमाण कमी होतं, हे आता डोळ्यांचे डॉक्टर ठामपणे सांगतात. तैवानने तर 2010 पासून शाळांमधून मुलांना दिवसाला दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रमच घेतला. म्हणजे घरात ठेवलेलं मूल सुरक्षित आहे हेही पूर्ण खरं नाही गं. घरातला धोका हळू येतो, त्याचं प्लॅस्टर दिसत नाही, एवढंच.

आता काय करायचं ते. सोसायटीतल्या चार-पाच आयांना गाठ, सगळ्या तुझ्यासारख्याच घाबरलेल्या असतात, कोणीतरी पहिलं बोलायची वाट बघत असतात. साडेपाच ते सात, सहा वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं एकत्र खाली, एक मोठी व्यक्ती बाकावर, तिने हातात शिट्टी घ्यायची नाही आणि खेळ ठरवायचा नाही. डबा ऐसपैस, लगोरी, लंगडी, एकदा दाखवून द्या, पुढे त्यांचे ते भांडतील आणि नियम बदलतील. पहिला आठवडा रडारड होईल, तुझा पोरगा 'बोअर होतंय' म्हणत वर येईल, त्याला परत खाली पाठव. बॉल खेळू नये असा बोर्ड असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय तूच काढ.

गावासाठी दोन अटी घाल, दोनच. दिवाळीपर्यंत त्याला पोहायला घाल, जवळच्या जलतरण तलावात, सरांकडे, नीट. पावसाळ्यानंतर विहिरी तुडुंब असतात आणि तिकडे धोम धरणाचा कालवा वाहता असला तर त्याच्या गुळगुळीत भिंतीला धरायला काही नसतं, पट्टीचा पोहणाराही अडकतो. म्हणून पोहता आलं तरी विहीर-कालव्यापाशी एकटं जायचं नाही, ही पहिली अट, आणि ही पोराने मोडली तर गावाहून सरळ परत, रडला तरी. दुसरी अट झाडाची: कुठलं झाड ते अण्णा ठरवतील, किती उंच ते तो ठरवेल, आणि कोणी त्याला उचलून वर ठेवायचं नाही. स्वतःच्या हाताने जेवढं चढता येतं तेवढंच चढायचं, आपल्याकडे हीच रीत होती, कारण जो स्वतः चढतो त्याला उतरायची वाट माहीत असते.

ह्या अटी तू कळवायच्या नाहीस, अण्णांना विचारायच्या आहेत. आज संध्याकाळी फोन कर. आधी त्या दिवशी जे बोललीस त्याची माफी माग, 'पण' न लावता. मग विचार, अण्णा, कुठल्या झाडावर चढायचं आणि कुठल्या नाही हे दिवाळीत याला शिकवाल का? आणि ते काही बोलायच्या आत फोन पोराच्या हातात देऊन तू स्वयंपाकघरात जा.

तुझी,
ताई