डी-डे, उतारू आणि उत्तीर्ण

प्रश्न असा आलाय: ‘डी-डे’तला ‘डी’ कशाचा आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

‘डी’ डेचाच. ‘डिसिजन’, ‘डूम’ वगैरे नंतरची शिवणकामं. हल्ल्याची तारीख गुप्त ठेवायची किंवा ठरायची असेल, तर आदेशात दिवसाला ‘डी’ आणि तासाला ‘एच’ लिहायचं, ही अमेरिकी लष्कराची रीत पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१८च्या फ्रान्समधल्या साँ-मिएलच्या हल्ल्याच्या आदेशातही दिसते. पुढे ६ जून १९४४ने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मनव्याप्त फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर चढाई केली त्या दिवसाने, ते नावच बळकावलं. म्हणून ‘आज लेकीचा डी-डे, दहावीचा निकाल!’ असा मेसेज आला की माझं डोकं फिरतं. निकालाची तारीख बोर्ड आधीच जाहीर करतं हो!

परवा एका लेखात तर ‘नॉर्मंडीत दीड लाख सैनिक अवतरले’. अवतरायला ते काय विष्णू होते? छत्रीधारी वरून आले, त्यांना एक वेळ चालेल. बाकीचे उतरले. आणि ‘उतरणे’ म्हणजे मुळात संस्कृत उद् (वर, बाहेर) + तॄ (पार करणे) हा धातू, पाणी पार करून बाहेर येणं. ‘खाली येणं’ हा अर्थ कोशकारांनी खुशाल पहिल्या पाटावर बसवावा. माझ्या लेखी तो मागून आलेला पाहुणा. नदी पायी ओलांडता येते तो ‘उतार’, आणि पलीकडे जायला काठावर थांबलेला तो ‘उतारू’. एसटीतला उतारू शब्दापुरता अजून नावेतच बसलाय! आमचे एक व्याकरणवाले स्नेही म्हणतात, गाडीतून उतरतो म्हणून उतारू. मग चढताना तो कोण, चढारू?

नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर हा धातू अक्षरशः भोगला गेला. सैनिकांना किनाऱ्याशी सोडणाऱ्या हिगिन्स बोटीची पुढची फळी धाडकन पडायची आणि तीसेक माणसं पाठीवरच्या ओझ्यासकट पाण्यात. काही तिथंच बुडाली. एका तुकडीने समुद्रात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ तळाला गेले. वाळूला पाय लागले ते उतरले. त्यांच्यामुळेच स्टालिन कधीपासून मागत होता ती जर्मनीविरुद्धची पश्चिमेची आघाडी उघडली आणि २५ ऑगस्टला पॅरिस सुटलं.

‘उत्तीर्ण’ही याच धातूचं: पार होऊन काठाला लागलेला. (‘उत्तर’ला यात ओढू नका, तिथं उद्‌ला ‘तर’ प्रत्यय आहे.) तेव्हा लेक पास झाली असेल तर नुसतं ‘उत्तीर्ण’ कळवा, नॉर्मंडी त्यात आली.

हां, डी-डेला मराठी शब्द. डी-डेच ठेवा.