इंग्लंडमध्ये ९०च्या दशकातली मझ्दा एमएक्स-५ घेऊन घरच्या घरी सांभाळता येईल का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये आहात, उघडमीट होणाऱ्या दिव्यांची जुनी एमएक्स-५ (दोन सीटची, उघडणाऱ्या कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार) परवडेल अशा किमतीला मिळतेय, आणि हात आजवर फक्त स्कूटरला लागलेत. घरासमोर उभी करून तिची कामं स्वतः करणं जमेल का?

जमेल. मी इथे तेच मॉडेल बरीच वर्षं स्वतःच सांभाळतोय, आणि शिकायला याहून चांगली गाडी मला तरी माहीत नाही. १९८९ साली आलेली ही गाडी वजनाला टनाच्या आतबाहेर, इंजिन पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, जोर मागच्या चाकांना. बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो. दहा, बारा, चौदा, सतरा मिलिमीटरचे पाने, चाकांसाठी एकवीसचा आणि एक बरा टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) एवढ्यावर निम्म्याहून जास्त कामं होतात.

पण गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघा. या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक पत्र्यापायी. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात ते एक कारण. दुसरं टपाचं. टपावरून मागे ओघळलेलं पाणी सीटच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत येतं आणि तिथल्या भोकांतून नळीवाटे मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं. पडायला हवं, खरं तर. भोकात पानं नि माती बसली की पाणी तुंबतं आणि गालिच्याखाली, नाहीतर दाराखालच्या सिलच्या पोकळीत शिरतं. मग सिल आतून कुजत जातं आणि बाहेरचा रंग मात्र ठीकठाक दिसत राहतो. म्हणून मागच्या मडगार्डच्या पुढचा, दाराच्या खालचा भाग अंगठ्याने दाबून बघा. रंगाला फोड आलेत का ते बघा. पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे तो चिकटणार नाही तिथे पुटी भरलेली आहे असं समजा. शिवाय इथे सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिच्या दरवर्षीच्या एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो. गंजाचा शेरा सालागणिक पुन्हा पुन्हा येत असेल तर ती गाडी सोडून द्या. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणं हे वेल्डिंगवाल्याचं काम आहे, आणि त्याचं बिल गाडीच्या किमतीवर जाऊ शकतं.

घेतल्यावर पहिलं काम याच भोकांचं करा. गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची दोरी वरून हळूहळू आत सारा. टोकदार तार नको, नळी फाटते. मग तांब्याभर पाणी ओता. खाली धार पडली की झालं. थेंब थेंब पडलं तर अजून काहीतरी अडकलंय.

इंजिन दणकट आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडमीट करवणारा पट्टा) साधारण ६०,००० मैलांना बदलतात, आणि एवढं उघडलंच आहे तर वॉटर पंपही त्याच वेळी बदलावा. आधीचा बेल्ट कधी बदलला याचा कागद मालकाकडे नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला. या पहिल्या पिढीत बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, म्हणजे इंजिन वाचतं. १९९१च्या आसपासपर्यंतच्या १.६ इंजिनांत मात्र क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे आणि त्यावरची पुली जागच्या जागी धरणारी छोटी चावी (की) झिजते. त्या पुलीवर चार खाचा असतील तर इंजिन त्या जुन्या प्रकारचं, आठ असतील तर सुधारित. चार दिसल्या तर इंजिन चालू ठेवून पुली डगडगते का ते नीट बघा.

इंजिनाच्या मागून गिअरबॉक्सवर तेल ओघळलेलं दिसलं की काही जण थेट क्रँकचं मागचं सील गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवायचा खर्च सांगतात. त्याआधी हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला असलेल्या कॅम सेन्सरखाली बोट फिरवा. बऱ्याचदा तिथलंच रबरी ओ-रिंग कडक झालेलं असतं. सेन्सर एका बोल्टवर बसतो. काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करा, कारण तो जरा जरी फिरला तरी इग्निशनचं टायमिंग हलतं.

नवखा माणूस हमखास अडकतो तो मागच्या ब्रेकपाशी. नवे पॅड बसवायला पिस्टन आत जावा लागतो, पण हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) असल्याने तो क्लॅम्पने दाबून जात नाही, उलट मोडतो. कॅलिपरच्या मागच्या अंगाला चौदाचा एक बोल्ट आहे, तो नुसतं झाकण आहे. तो काढला की आत चार मिलिमीटरच्या ॲलन कीची खाच सापडते. हँडब्रेक सोडून की घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पिस्टन मागे सरकतो. नवे पॅड बसले की सुलट फिरवत पॅड डिस्कला घट्ट लागेपर्यंत आणा आणि तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्या. हात लावून बघताना डिस्क मोकळी फिरली पाहिजे.

गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका. पुढे इंजिनाखालचा आडवा दांडा (क्रॉसमेंबर), मागे दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा (डिफरन्शियल). तिथून उचला, स्टँड लावा, हलवून बघा, मगच खाली जा. यात तडजोड नाही.

बॅटरी डिकीत आहे. बदलताना वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्या, साधी बॅटरी डिकीचा पत्रा खाते.

जी गाडी बघताय तिचं साल, इंजिन १.६ की १.८ आणि सिलचे जवळून काढलेले फोटो इथे टाका. मी बघून सांगतो.