मिश्किल शब्दांची गाणी करणारे बँड फार काळ का टिकत नाहीत?

टिकत नाहीत, हे गृहीतकच मला मान्य नाही. ‘दे माइट बी जायंट्स’ हा बँड जॉन फ्लॅन्सबर्ग आणि जॉन लिनेल यांनी १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केला आणि आजही तो तेच दोघे चालवतात. एकाच्या घरी चोरी झाली, दुसऱ्याचे मनगट मोडले आणि कार्यक्रम बंद पडले, तेव्हा त्यांनी फोन करणाऱ्याला ऐकू येतील अशी गाणी फोनच्या आन्सरिंग मशीनवर भरून ठेवली आणि ‘कामाच्या ठिकाणाहून फोन केल्यास फुकट’ अशी त्यांची जाहिरात केली. ड्रमर त्यांच्याकडे नव्हता. पहिली अनेक वर्षे ताल यंत्रावर किंवा टेपवरच वाजत असे.

आमचाही बँड दोघांचाच होता आणि तालाचे यंत्र मी पायाने सुरू करत असे. आमच्या एका गाण्यात मेलेल्या माणसाला कंपनीचे पत्र येते: ‘प्रिय ग्राहक, बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही.’ ते पत्र वडील गेल्यावर तीन आठवड्यांनी खरोखरच आमच्या घरी आले होते. पहिल्याच कार्यक्रमात त्या ओळीला लोक इतके हसले की पुढचे कडवे उचलायला मला उशीर झाला, आणि यंत्र काही कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे पुढची दोन आवर्तने मी तालामागे धावत होतो. आपण विदूषक झालो आहोत, ती ओळ काढ, असे साथीदाराने त्याच रात्री बजावले. हसल्यामुळेच लोक तिसऱ्या कडव्यापर्यंत थांबतात, हे माझे म्हणणे त्याला कधीच पटले नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईंचे हसू तिसऱ्या कडव्यात मध्येच विरलेले मी पाहिले होते; तो गिटारच्या पट्टीकडे पाहत होता. चार महिन्यांत बँड मोडला.

म्हणून तुमचा साथीदार विनोद कमी करा म्हणत असेल, तर ओळ ठेवा आणि साथीदार बदला. १९९० सालच्या ‘फ्लड’ या अल्बममधले ‘दे माइट बी जायंट्स’चे जे गाणे ब्रिटनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ६व्या क्रमांकापर्यंत गेले, ते खोलीतल्या रात्रीच्या दिव्याच्या तोंडी आहे; ते कोणी पोरकट म्हणून फेकून दिले नाही.

अर्थात पुढे दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीताने त्यांना २००२ साली ग्रॅमी मिळवून दिले आणि मुलांसाठीच्या अल्बमांनीही हात दिला, हेही सांगायला हवे. शिवाय त्यांच्या चाली शब्दांवाचूनही गुणगुणता येतात. आमच्या तशा नव्हत्या, आणि हे तेव्हा मला त्या साथीदारानेच सांगितले होते.