विमानतळावरचा शेजारधर्म : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांमधल्या विमानप्रवासाबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच होता : विमानतळावर लोक असे का वागतात? त्यांतल्या पाच प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : सुरक्षा तपासणीत माझा ट्रे यंत्रातून पुढे निघून जातो आणि मी बायकांच्या रांगेत ताटकळत राहते. बाहेर येऊन पाहावं तर कोणीतरी माझी पर्स बाजूला सारून स्वतःची बॅग ठेवलेली असते. काय करावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. महिलांची झडती आडोशामागे, महिला जवानाकडूनच होते आणि असे आडोसे सहसा कमी असतात. सामान मात्र सगळ्यांचं एकाच पट्ट्यावरून जातं. त्यामुळे ट्रे सोडण्याआधी झडतीच्या रांगेवर एक नजर टाका. ती लांब असेल तर मागच्या एकदोघांना पुढे जाऊ द्या आणि मग ट्रे सोडा. पैसे, दागिने ट्रेमध्ये उघडे ठेवू नका. ते बॅगेत घालून चेन लावा.

आता बाकीच्यांसाठी. दुसऱ्याचा ट्रे उचलायचा नाही, त्यातली वस्तू हलवायची नाही. अगदीच अडलं तर तो रोलरवरून जरा पुढे सरकवा, तेवढंच. खरा खोळंबा होतो तो यंत्रातून सामान बाहेर येतं त्या तोंडाशी. तिथेच उभं राहून लोक कमरेचा पट्टा बांधतात, लॅपटॉप बॅगेत कोंबतात, फोन बघतात. रोलर भरला की यंत्र थांबवावं लागतं आणि मागची अख्खी रांग अडते. आपला ट्रे उचलून बाकापाशी न्यावा आणि आवराआवर तिथे करावी.

ट्रे पुन्हा तपासणीला जाण्याचीही कारणं ठरलेली असतात. एक्स-रेच्या चित्रात लॅपटॉप गडद ठोकळ्यासारखा दिसतो आणि त्याच्या खालचं काही कळत नाही, म्हणून तो वेगळ्या ट्रेमध्ये आडवा ठेवावा, वर जॅकेट टाकू नये. चार्जरच्या वायरींचा गुंता आणि नाण्यांनी भरलेला बटवा यांचंही तसंच. पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी. तिची मर्यादा १०० वॉट-अवर (साठवलेल्या विजेचं माप). २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. ती चेक-इनच्या बॅगेत राहिली तर बॅग अडवतात आणि तुम्हाला परत बोलावतात. देवळातून आणलेली सुक्या खोबऱ्याची वाटीसुद्धा सामानातून काढून घेतात, कारण त्यातल्या तेलामुळे ती पेट घेणारी वस्तू मानली जाते. त्यावर जवानाशी वाद घालू नका. खिसे रिकामे करणं, पट्टा-घड्याळ काढणं हे सगळं रांगेत उभं असतानाच उरकावं.

प्रश्न : काउंटर बंद होऊन पाचच मिनिटं झाली होती, तरी आमची बॅग घेतली नाही. आवाज चढवल्याशिवाय तिथे काम होत नाही, असं घरचे म्हणतात. – एक वाचक, नागपूर

उत्तर : आवाज चढवून काहीही होत नाही. देशांतर्गत उड्डाणांसाठी बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी काउंटर बंद करतात. त्यानंतरच्या तासाभरात बॅगा तपासून, वर्गवारी करून विमानात चढवायच्या असतात आणि प्रवासी व सामान यांच्या वजनाचा ताळा करून तो कॅप्टनकडे द्यायचा असतो. बंद झालेलं उड्डाण उघडणं काउंटरवरच्या मुलीच्या हातात नसतं. तिच्यावर ओरडणं हा निव्वळ अन्याय आहे. पीएनआर हाताशी ठेवून ड्यूटी मॅनेजरला भेटायचंय असं शांतपणे सांगा. वेब चेक-इन झालेलं असेल आणि सामान फक्त हातातलंच असेल, तर काउंटरवर जायची गरजच नाही. थेट गेट गाठा. तेही साधारण २०-२५ मिनिटं आधी बंद होतं.

डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) २०१७ मध्ये केलेल्या नियमांत विमानातल्या शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या वर्तनाला किमान दोन वर्षं प्रवासबंदी आहे. विमानतळाच्या इमारतीत असं वागलात तर गाठ पोलिसांशी.

प्रश्न : आईचे गुडघे गेलेत. आधी सांगूनही व्हीलचेअर मिळायला फार वेळ लागला आणि समोरून धडधाकट माणसं खुर्चीत बसून जात होती. त्यांना टोकावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : टोकू नका. हृदयविकार किंवा दमा बाहेरून दिसत नाही. पण गैरवापर होतो, हेही खरं. मुलांकडे परदेशी निघालेले कितीतरी आईवडील इमिग्रेशनच्या इंग्रजीची धास्ती वाटते म्हणून खुर्ची मागतात. धास्ती समजण्यासारखी आहे, पण प्रत्येक खुर्चीमागे एक मदतनीस काउंटरपासून गेटपर्यंत अडकतो आणि तुमच्या आईसारखी माणसं खोळंबतात. अशांनी कंपनीकडे सोबतीची सोय विचारावी. मुंबईत पैसे भरून ‘प्रणाम’ सेवा मिळते. मुलांचा पत्ता, फोन, किती दिवस राहणार आणि परतीच्या तिकिटाची तारीख, एवढं इंग्रजीत लिहिलेला कागद पासपोर्टसोबत ठेवला तरी बरंच भागतं.

आईसाठी ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि नेमका प्रकार सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. इथेच घोटाळा होतो. पहिला प्रकार नोंदवलेला असतो, विमान लांब उभं असतं आणि जिन्यापाशी गेल्यावर कळतं की अॅम्ब्युलिफ्ट (खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलून नेणारी गाडी) मागवलेलीच नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर दुसरा प्रकार नोंदवा.

प्रश्न : सामानाच्या पट्ट्याभोवती लोक ट्रॉल्यांची भिंत उभी करतात. आपली बॅग समोरून जाते आणि हात पोचत नाही. – एक वाचक, पणजी

उत्तर : पट्ट्याजवळ घरातल्या एकानेच जावं, ट्रॉली आणि मुलं मागे खांबापाशी थांबवावीत. जमिनीवर पिवळी रेघ असेल तर बॅग दिसेपर्यंत तिच्या अलीकडे उभं राहावं, म्हणजे सगळ्यांनाच पट्टा दिसतो. हात पोचत नसेल तर ‘जरा वाट देता का?’ एवढं पुरतं. नाही जमलं तर बॅग फिरून परत येतेच. माणसांना ढकलून धावू नका. काळ्या बॅगा एकसारख्या दिसतात, म्हणून बाहेर पडण्याआधी टॅगचे शेवटचे सहा आकडे आपल्या पावतीशी ताडून पाहा. बॅग आलीच नाही किंवा फुटली तर हॉल सोडण्याआधी कंपनीच्या सामान-काउंटरवर पीआयआर (सामानाबद्दलची लेखी तक्रार) नोंदवा.

प्रश्न : गेटपाशी शेजारचे गृहस्थ मोठ्या आवाजात व्हिडिओ लावतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : ‘काका, इयरफोन लावता का?’ असं एकदा नीट विचारा. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर बोर्डिंगच्या सरसकट घोषणा बंद झाल्या आहेत. गेटवरचे कर्मचारी सांगतात ते तिथल्या तिथेच ऐकू येतं. आवाजात ते बुडालं तर चुकामूक होते, हेही सांगा. ऐकलं नाही तर जागा बदला, पण गेट बदललं नाही ना, हे पडद्यावर अधूनमधून पाहत राहा.