धडकलेल्या इलेक्ट्रिक गाडीला हात लावावा का?

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीचा अपघात झाला की पत्र्यात करंट उतरतो, असं माझा मुलगा सांगतो. मग आतल्या माणसाला काढायला जायचं की नाही?

उत्तर : जायचं, ताई. बॅटरीचा दाब ४०० व्होल्टच्या आसपास, काही गाड्यांत ८००, हे खरं. पण त्या वायरिंगचा पत्र्याशी संबंधच ठेवलेला नसतो. शिवाय जोराची धडक बसून एअरबॅग उघडल्या की बॅटरीचा पुरवठा आपोआप तुटतो. बऱ्याच गाड्यांत हे काम पायरो-फ्यूज करतो. असा उडालेला फ्यूज मी खोलून पाहिलाय : आतली तांब्याची जाड पट्टी सुरीनं कापावी तशी मधोमध तुटलेली. आत इवलीशी स्फोटक पुडी असते, तिच्या धक्क्यानं पातं खाली येतं.

फक्त नारिंगी तारा आणि फुटलेली बॅटरी, यांना चुकूनही हात लावू नका. गाडीखालून धूर किंवा फुसफुस आवाज येत असेल, तर माणसं काढून लगेच लांब व्हा.

मला जास्त काळजी दारांची वाटते. बटणावर उघडणारं दार वीज गेल्यावर अडकू शकतं. आतून ओढायची यांत्रिक खिट्टी तुमच्या गाडीत कुठे आहे, ते आजच मॅन्युअलमध्ये बघा आणि मुलाला एकदा ओढायला लावा. मागच्या सीटजवळची विसरू नका, ती बहुधा झाकलेली असते.

आणि धडकलेली गाडी घराला चिकटून उभी करू नका, १५ मीटर तरी लांब ठेवा. बॅटरी काही दिवसांनीही पेटू शकते.